विणकराच्या मुलाला दोष कसा द्यावा?

हजरत दाऊद (अलै.) राज्यकर्ते असूनही स्वतःच्या हातांच्या कमाईवर जगत, असे बुखारी शरीफमधील हदीस सांगते. चिलखत घडवण्याचे कसब त्यांना अल्लाहनेच शिकवले (सूरह अल-अंबिया, 80). खुत्ब्यात मी हे अनेकदा सांगतो. एकदा हिमरू विणणारे एक बुजुर्ग नमाजनंतर म्हणाले, "इमामसाहेब, माझा मुलगा मागावर बसला तर त्याला मुलगी कोण देईल? तुम्ही द्याल?" मी निरुत्तर झालो.

इमाम गझालींनी विणकामाची गणना फर्जे किफायात केली आहे. म्हणजे ते कोणीच केले नाही, तर गुन्हा साऱ्यांच्या माथी. अंग झाकण्याची गरज यंत्रमाग भागवतो, हे मान्य. परंतु कसबाला आम्ही हलके लेखले, त्याचा हिशेब यंत्र देणार नाही. मुलाने दुकानातली नोकरी धरली. स्थळ आले की आधी पगार विचारणाऱ्यांत मीही आहे.