नायकाचें मूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये, असें आपल्याकडे जुनें सांगणें आहे. थोरांच्या उगमाशीं थोरपण सांपडेलच असें नाहीं, एवढाच या म्हणीचा अर्थ बहुधा घेतला जातो. परंतु तिच्यांत दुसराही एक प्रश्न आहे: मूळ कळलें म्हणजे नदी कळली काय? हा प्रश्न आज पुन्हां विचारण्याचें कारण असें कीं, चित्रकथांतील व चित्रपटांतील महावीरांचें मूळ वारंवार बदललें जात आहे, पुष्कळदां तें पहिल्यापेक्षां काळें केलें जात आहे, आणि ज्यांनीं लहानपणापासून या वीरांवर प्रेम केलें तेच वाचक आतां थकल्यासारखे दिसूं लागले आहेत.

सुपरमॅन १९३८ सालीं अमेरिकेंत अवतरला तेव्हां त्याला उडतां येत नव्हतें. तो लांब उड्या मारी. आज उडणें हेंच त्याचें मुख्य लक्षण वाटतें. १९८६ सालीं जॉन बर्न यानें त्याची जन्मकथा नव्यानें सांगितली. त्याच सालीं फ्रँक मिलरचा वृद्ध, कडवट बॅटमॅन वाचकांपुढें आला, आणि ॲलन मूरची ‘वॉचमेन’ ही कथामालाही सुरू झाली. मूरनें मुखवट्यामागील दुबळेपणा, क्रौर्य व सत्तेची हांव उघडी करून दाखविली. तीं पुस्तकें सामर्थ्याचीं होतीं यांत शंका नाहीं. पण अनुकरण करणाऱ्यांनीं त्यांतील विचार टाकला आणि काळोख तेवढा उचलला. २०१३ सालच्या चित्रपटांत सुपरमॅन प्रतिपक्षाची मान मोडून त्याला ठार करतो, तेथवर हा ओघ येऊन पोंचला.

तथापि मूळ बदलणें हाच दोष मानला तर आपल्या परंपरेवरच आरोप येईल. धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापुरची भवानी पाहा. मूर्ति महिषासुरमर्दिनीची, पण तेथील आख्यायिका सांगते तें निराळें. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूति तप करीत असतां कुकुर दैत्यानें तिचा छळ मांडला. तिनें धांवा केला. देवी त्वरेनें धांवली. आणि त्या त्वरेवरून ‘त्वरिता’ची ‘तुरजा’ व पुढें ‘तुळजा’ झाली. लोककथेंत हीच देवी शिवछत्रपतींस तलवार देते; परमानंदाच्या ‘शिवभारता’त मात्र ती स्वतःच त्यांची तलवार होऊन राहते. गोंधळी संबळाच्या तालावर यांतील कोणतीही कथा लावो, ऐकणाऱ्या भाविकाचें मन डळमळत नाहीं. पाठ बदलले तरी कोणी संकटांत आहे आणि कोणी धांवून येतें, एवढें कायम राहतें.

येथेंच दोन प्रकारच्या मूळकथांतील भेद दिसतो. एकींत वीराचें मूळ दुसऱ्याच्या हांकेंत असतें. दुसरींत तें वीराच्या स्वतःच्या जखमेंत शोधलें जातें. जखम जुन्या वीरांनाही होती, हें खरें. मराठी घरांत ‘वेताळ’ या नांवानें पोंचलेल्या फँटमचा मूळपुरुष बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतो. परंतु ती शपथ एका मारेकऱ्याविरुद्ध नसून चांचेगिरी, लोभ, क्रौर्य व अन्याय यांच्याविरुद्ध आहे, आणि प्रत्येक पिढी ती नव्यानें घेते. जखम एकाची, शपथ सर्वांची. आजच्या काळ्या पुनर्कथनांत शपथ गळते आणि जखम तेवढी उरते. मग परोपकार हा वेष पालटलेला सूड ठरतो, आणि धैर्य हें बालपणींच्या आघाताचें लक्षण. ही केवळ अभिरुचीची बाब नव्हे. चांगुलपणा हा निवडीचा विषय नसून विकार आहे, असें जो मुलगा शंभर कथांतून शिकेल, तो शेजाऱ्याच्या चांगुलपणाकडेही संशयानें पाहील. आणि स्वतःच्या मनांत उठलेल्या सदिच्छेवर तर त्याचा विश्वास मुळींच बसणार नाहीं.

उलट टोंकासही धोका आहे. महाभारतांतील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप कथेंत घातला आणि राजाच्या नकाराला विस्मृतीचें कारण दिलें. नाटक अत्यंत सुंदर झालें, पण अपराधाचें ओझें राजावरून शापावर गेलें. तेव्हां उजळ करणें हेंही सत्यापासून दूर नेऊं शकतें. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीनें कर्णास स्वतःचें मनोगत बोलूं दिलें. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्ता’नें महाभारतांतील माणसें निष्ठुर प्रकाशांत उभीं केलीं. मराठी वाचकानें दोन्ही पुस्तकें जवळ केलीं. अर्थात् काळें कीं उजळ ही खरी कसोटी नव्हे. त्या बदलानें एखाद्या मुक्यास वाचा फुटली काय, झांकलेली जबाबदारी उघडी झाली काय, हें पाहावें.

काळोखाच्या कैवाऱ्यांचें एक म्हणणें मात्र ऐकून घेतलें पाहिजे. जग क्रूर आहे, उजळ कथा मुलांना फसवितात, असें ते म्हणतात. त्यांनीं याच जिल्ह्यांतील तेरच्या गोरोबाकाकांची कथा ऐकावी. महिपतीनें ‘भक्तविजया’त ती सांगितली आहे. भजनांत तल्लीन होऊन चिखल तुडवितांना पोटचें मूल गोरोबांच्या पायांखालीं आलें. पुढें शपथ मोडली म्हणून त्यांनीं आपले हात आपणच तोडले. याहून काळें आणखी काय असावयाचें? या कथेंत भक्तीचा उगम आघातांत नाहीं. उलट भक्तीच आघातास कारण झाली आहे, आणि हें कथा लपवीत नाहीं. शेवटीं पंढरपुरास नामदेवांच्या कीर्तनांत हात पुन्हां येतात, मूल रांगत येतें. चमत्कार म्हणून आजचा वाचक हा शेवट बाजूस ठेवील. पण काळोख ही या कथेची वाट आहे, मुक्काम नाहीं, हें त्यालाही मान्य करावें लागेल.

मुक्कामच काळोखांत पडला म्हणजे थकवा येतो. नवव्या शतकांत आनंदवर्धनानें रसाच्या विरोधकांची गणना केली, तींत परिपोष पावलेला रस पुन्हां पुन्हां उद्दीपित करीत राहणें हाही एक दोष सांगितला आहे. भयानक आणि बीभत्स यांना रसांत स्थान आहे. पण त्यांनाच नित्याचा आहार केल्यास भयही वाटत नाहीं आणि किळसही येत नाहीं. वाचकाच्या थकव्याला भित्रेपणा म्हणणें म्हणूनच अन्यायाचें आहे. त्याच्या संवेदनेनें केलेली ती तक्रार आहे.

शिवाय काळोखाचें ज्ञान देण्याचा अधिकार कथेकडेच आहे, असें समजण्याचें कारण नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंपानें हजारों माणसें घेतलीं. सास्तूरसारखीं गांवें ढिगाऱ्यांत गेलीं. दुष्काळ तर या भागास नवा नाहीं. येथील माणसास जग कठोर आहे हें चित्रकथेंतून शिकावें लागत नाहीं. कठोर जगांतही हांकेला ओ देणारा कोणी असूं शकतो, एवढी साक्ष तो कथेकडे मागतो. आणि ती मागणी भाबडी नाहीं, कारण ढिगारे उपसणारे हातही त्यानें त्याच वेळीं पाहिले आहेत.

तेव्हां लेखकांनीं वीरांचें मूळ खुशाल बदलावें. कालिदासानें बदललें, गोंधळ्यांनीं बदललें. मात्र बदलतांना एक विचारावें: या नव्या मुळापासून निघालेली नदी कोणाच्या शेतापर्यंत पोंचते? जी कथा आपल्याच उगमापाशीं डबकें होऊन राहते, तिचा रंग कितीही गडद केला तरी तिला खोली आली असें म्हणतां येणार नाहीं.