शत्रूच्या वहीतलं शौर्य

लढाऊ वैमानिकाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती विमानं पाडली त्यानं?" आकडा मोठा असेल तर माणूस मोठा. २०२५मध्ये 'स्काय फोर्स' हा हिंदी चित्रपट आला. ज्यांच्या पराक्रमावर तो बेतला आहे, त्या स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांच्याविषयीही असाच शेरा ऐकू येतो: एकच विमान, आणि तेही इतक्या वर्षांनी कळलेलं! हा शेरा मनाला लागतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. घडलेलं शौर्य एक आणि कुणाच्या तरी डोळ्यांना दिसलेलं शौर्य दुसरं. पदकं बहुधा दुसऱ्याला मिळतात.

१९६५च्या भारत-पाकिस्तान युद्धाची पार्श्वभूमी वाचकाला ठाऊक आहे. इथे ७ सप्टेंबरची सकाळ पुरेशी आहे. पाकिस्तानचा सरगोधा हवाई तळ हे त्या दिवशीचं मुख्य लक्ष्य होतं. विंग कमांडर ओमी तनेजा यांच्या नेतृत्वाखाली १ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची मिस्टेर विमानं आदमपूरहून अंधारातच उडाली. मोहीम बारा विमानांची. कोडगूचे देवय्या राखीव होते. कुणी गळालं तरच त्यांनी जायचं होतं, पण ते तुकडीपाठोपाठ सरगोध्यापर्यंत पोहोचले. परतताना त्यांची गाठ फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या स्टारफायटरशी पडली. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाचं, अमेरिकेनं पाकिस्तानला दिलेलं विमान. मिस्टेर सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठू शकत नसे. शिवाय सरगोधा त्याच्या पल्ल्याच्या जवळजवळ टोकाला होतं. तिथे झुंजीत इंधन जाळणं म्हणजे परतीची आशा सोडणं. पहिला मारा देवय्यांच्या विमानाला बसला. तरीही ते पळाले नाहीत. उलटून त्यांनी तोफा डागल्या आणि अमजद यांना पॅराशूटनं उडी घ्यावी लागली.

देवय्या परतले नाहीत. बाकीचे वैमानिक ठरल्याप्रमाणे घराकडे वळले होते, त्यामुळे ही झुंज त्यांच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. भारतीय दफ्तरात देवय्या फक्त बेपत्ता राहिले.

त्याच सकाळी, त्याच सरगोध्याच्या आकाशात पाकिस्तानी स्क्वॉड्रन लीडर एम. एम. आलम यांनी भारताची पाच हंटर विमानं पाडल्याचा दावा केला. त्यातली चार अर्ध्या मिनिटात. हा दावा पाकिस्तानात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. भारतीय नोंदींनुसार त्या दिवशी सरगोध्याच्या मोहिमांत तीनच हंटर गेली, आणि त्यातलंही एक इंजिन बंद पडल्यानं. एका सकाळचे हे दोन वैमानिक: एकाचा आकडा लगेच जगभर झाला, दुसऱ्याची झुंज वर्षानुवर्षं कुणालाच ठाऊक नव्हती. यावरून आकडे फसवे आणि कृती खरी, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो.

पण आकड्यांचा कैवार घेणारा इथे अडवतो. तो म्हणतो, नोंद नसेल तर शौर्य आणि अफवा यांत फरक काय राहिला? त्याचं अर्धं म्हणणं खोडून काढता येतं. वेगात, धुरात, जिवाच्या भीतीत माणूस मोजतो, तेव्हा तो खोटारडा नसला तरी चुकतो. इंग्लंडच्या आकाशातल्या लढाईत १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्धानंतर जर्मनांची कागदपत्रं तपासली, तेव्हा आकडा साठाच्या आसपास निघाला. एकाच विमानावर दोघं गोळ्या झाडतात आणि दोघंही ते आपलं मानतात. धूर सोडत खाली झेपावलेलं विमान पडलंच असं वाटतं, आणि ते ढगाखालून घरी पोहोचलेलं असतं. तोफेबरोबर चालणारा कॅमेरा साक्ष देतो, पण विमान परत आलं तरच.

त्याच्या उरलेल्या अर्ध्याला मात्र उत्तर देता येत नाही, कारण देवय्यांना न्याय मिळाला तो हिशेबानंच. १९७९मध्ये ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांचं या हवाई युद्धावरचं पुस्तक आलं. त्यात पाकिस्तानी बाजूनं मिळालेली माहिती होती: एका मिस्टेरशी झालेल्या झुंजीत स्टारफायटर पडलं. तो वैमानिक कोण, हे ताडून तनेजांनी हवाई दलाकडे पाठपुरावा केला आणि १९८८मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. देवय्यांचा साक्षीदार शत्रूच होता.

साक्ष हाताशी असली की सगळं किती सोपं होतं! १६ सप्टेंबरला फ्लाइंग ऑफिसर प्रकाश सदाशिवराव पिंगळे यांनी पाकिस्तानचं एक सेबर विमान पाडलं. त्याचा वैमानिक भारताच्या हद्दीत उतरून युद्धकैदी झाला, म्हणून वादाला जागाच उरली नाही. दहा दिवसांपूर्वी भारताच्या हलवारा तळावर याच पिंगळ्यांचं विमान पडलं होतं. त्यांना वीर चक्र मिळालं. त्यांच्या साथीदाराचं, फारोख दारा बुनशा यांचं, विमान १६ सप्टेंबरच्या त्याच झुंजीत पडलं. ते परतले नाहीत.

पण शत्रूची वही देवय्यांसाठी प्रमाण मानायची, तर ती आपल्याला गैरसोयीच्या जागीही उघडावी लागते. ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांनी नॅट विमानातून सेबर पाडल्याची नोंद भारतात झाली. त्यांना वीर चक्र मिळालं आणि देशभर आनंद झाला. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार ते सेबर जबर जखमी झालं, पण त्याचे वैमानिक युसुफ अली खान यांनी ते तळावर उतरवलं. म्हणून कीलरांचं धाडस तसूभरही कमी होत नाही. बलाढ्य मानल्या गेलेल्या सेबरला चिमुकल्या नॅटनं भिडणं हे घडलंच. पण आलम यांचे पाच तपासून पाहणाऱ्यानं कीलरांचा एकही त्याच काट्यावर तोलायला हवा.

तेव्हा मोजणं थांबवून चालणार नाही. अधिक कसून मोजायला हवं, दोन्हीकडची दफ्तरं शेजारी ठेवून. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागानं १९६५च्या युद्धाचा इतिहास १९९२मध्येच तयार केला होता. तो अनेक वर्षं प्रकाशित झाला नाही, आणि २०००मध्ये एका वृत्तपत्रानं इंटरनेटवर टाकला तेव्हा लोकांना वाचता आला. स्क्वॉड्रनच्या दैनंदिन नोंदी, मोहिमेनंतरचे जबाब, कॅमेऱ्यांच्या फिती अभ्यासकांसाठी वेळेवर खुल्या व्हायला हव्यात. त्यातून आपले काही विजय वजा होतील. पण बेपत्तांच्या यादीतल्या आणखी एखाद्या वैमानिकाची झुंजही त्यातूनच उजेडात येऊ शकते, आणि तेवढ्यासाठी ती वजाबाकी आनंदानं सोसावी.