विस्तवाभोवतीचे सोबती

जिवलगांना घरी बोलवावे, अंगणात निखारे फुलवावेत, त्यांवर मासळी, कोंबडी भाजावी आणि रात्र चढेपर्यंत गप्पा रंगवाव्यात, ह्या सुखाला हल्ली ‘बार्बेक्यू’ असे नाव मिळाले आहे. नाव परके असले तरी सुख परके नाही. रायगड जिल्ह्यात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडे मीठ, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मग मडके उपडे घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. एकट्याने आपल्यापुरती पोपटी लावल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही!

परंतु हे सुख निर्भेळ आहे काय? लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू यजमानाला बजावतो की, मेजवानीला मित्रांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस. ते तुला उलट आमंत्रण देतील आणि फेड होऊन जाईल. ज्यांच्याजवळ फेडण्यासारखे काही नाही, त्यांना बोलाव. ह्या शब्दांपुढे आमचे अंगण फार लहान दिसू लागते. तथापि तोच प्रभू योहानाच्या एकविसाव्या अध्यायात तिबिर्याच्या किनारी कोळशांचा विस्तव करून, त्यावर मासळी ठेवून सात शिष्यांना न्याहारीला बोलावतो. ते सारे त्याचे जिवलगच होते. त्यांत पेत्रही होता, आणि ह्याच पेत्राने प्रमुख याजकाच्या वाड्यात अशाच कोळशांच्या विस्तवाशी शेकत त्याला नाकारले होते. त्याला वगळले गेले नाही. तेव्हा निषेध आहे तो मैत्रीचा नव्हे, तिच्या जमाखर्चाचा, असे आम्हांस वाटते.

हा जमाखर्च सहसा उघडपणे मांडला जात नाही. मित्रांपैकी एखाद्याचा धंदा बुडालेला असतो, एखाद्याची नोकरी गेलेली असते. यादी करताना आम्ही म्हणतो, “नको, त्याला संकोच वाटेल.” संकोच त्याचा की आमचा? पुरते मीठ एकत्र खाल्ल्यावाचून माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ही म्हण ॲरिस्टॉटलने मैत्रीच्या विवेचनात दिली आहे. मीठ खाऊन झाल्यावर ताटाची किंमत मोजणारे आम्ही, ती म्हण कोणत्या तोंडाने सांगणार?

आणखी एक गोष्ट, तशी किरकोळ. विस्तवापाशी यजमान पाहुण्यांतच उभा असतो, स्वयंपाकघरात अडकत नाही, म्हणून ह्या भोजनाची स्तुती होते. ती पुरुषांच्या तोंडी अधिक असते. सळई फिरवण्याचा मान ते घेतात; मसाला मात्र दुपारीच घरातील बाईने वाटलेला असतो, आणि पाहुणे गेल्यावर तेलकट जाळी राखेने घासत मोरीपाशी बसलेलीही तीच असते.