न छापण्याचे स्वातंत्र्य

१५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये दहा जणांना संतपद बहाल केले, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचे लक्ष देवसहायम पिल्लै यांच्या नावाकडे लागले होते. भारतातील पहिले प्रापंचिक संत म्हणून ते स्वाभाविकच होते. त्याच यादीत एका डच कार्मेलाईट धर्मगुरूंचेही नाव होते. फादर तितुस ब्रांड्समा यांना वृत्तपत्रांच्या एका प्रश्नापायी मरण आले. त्या प्रश्नाने आम्हाला अलीकडे बरेच अस्वस्थ केले आहे.

फादर तितुस नायमेखनच्या कॅथोलिक विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि १९३५ पासून डच कॅथोलिक पत्रकारांचे धार्मिक सल्लागार होते. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने नेदरलँड्स व्यापला. डिसेंबर १९४१ मध्ये फर्मान निघाले, की डच नाझी पक्षाच्या जाहिराती कोणत्याही वृत्तपत्राने नाकारता कामा नयेत. आर्चबिशप डे योंग यांच्या संमतीने फादर तितुस यांनी संपादकांसाठी एक पत्र तयार केले. दंड होवो अथवा पत्र बंद पडो, कॅथोलिक वृत्तपत्रांनी ह्या जाहिराती छापू नयेत, असा त्याचा आशय होता. जानेवारी १९४२ च्या हिवाळ्यात साठीतला हा नाजूक प्रकृतीचा माणूस ते पत्र घेऊन गावोगावच्या संपादकांना स्वतः जाऊन भेटला.

त्या संपादकांची बाजू आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. जाहिरात म्हणजे संपादकाचे मत नव्हे, हे वाचकही जाणतो. कोपऱ्यात चार ओळी छापल्याने पत्र जगत असेल, खिळे जुळवणाऱ्या कामगाराची चूल पेटत असेल, तर तेवढे सोसावे. पत्र बंद पडल्यास वाचकाच्या हाती उरणार तो केवळ सरकारी प्रचार. ह्या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु वृत्तपत्रापाशी विश्वासाखेरीज दुसरे भांडवल ते कोणते? ज्या पानावर शुभवर्तमानाचे विवेचन, त्याच पानावर माणसामाणसांत वंशाची भिंत उभारणाऱ्या पक्षाचे आवाहन आले, तर साध्या वाचकाने त्या पानाचे करावे काय? आणि आज जाहिरात, तर उद्या अग्रलेख. सक्तीला कोठे थांबावयाचे ते ठाऊक नसते.

तरीही एक अडचण उरतेच. संपादक नकार देतो तेव्हा तो कामगाराच्या वतीनेही देतो, आणि कामगाराला कोणी विचारलेले नसते. ह्या अडचणीचे समाधानकारक उत्तर आम्हाला सापडलेले नाही. फादर तितुसना मात्र ती दिसली असावी. एरव्ही टपालपेटीत टाकता येण्याजोगे पत्र हाती घेऊन ते दारोदार कशाला फिरले असते? भाकरी पणाला लावा असे सांगावयाचे, तर ते त्या माणसासमोर बसून सांगावे, असे त्यांना वाटले असेल. शिवाय स्वतःचे काय होईल हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१९ जानेवारी १९४२ रोजी त्यांना अटक झाली. डच जनता, विशेषतः कॅथोलिक, नाझी पक्षाला विरोध का करतात, ते लिहून द्या, असे त्यांना कोठडीत सांगण्यात आले. त्यांनी सविस्तर लिहून दिले, आणि अखेरीस आपल्या देशाबरोबरच जर्मनीसाठीही देवाचा आशीर्वाद मागितला. २६ जुलै १९४२ रोजी डाखाऊच्या छळछावणीत विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले.

ही हकीकत जुन्या युद्धाची म्हणून मिटून ठेवता आली असती, तर बरे झाले असते. माल्टासारख्या कॅथोलिक देशात १६ ऑक्टोबर २०१७ रोजी डाफ्ने कारुआना गालिझिया ह्या पत्रकार महिलेला मोटारीत बॉम्बस्फोट घडवून ठार करण्यात आले. बड्या लोकांचा भ्रष्टाचार त्या उघड करीत होत्या. त्यांच्या जिवाचा धोका ओळखून तो टाळण्यात राज्यसंस्था अपयशी ठरली, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने २०२१ साली काढला. आणि आपल्या कोकणात, राजापूरजवळ, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली. दुसऱ्या दिवशी ते वारले. खुनाच्या आरोपाखाली ज्याला अटक झाली, त्याच्याविषयीची वारिशे यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती.

हे वाचताना आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या नियतकालिकाचे काम पाहत होतो. टँकरसाठी बेसुमार उपसा होऊन गावच्या विहिरी कशा खारावल्या, ह्याविषयी एका वाचकाने साधे, नेमके पत्र लिहिले होते. नाताळ अंकाला पानभर जाहिरात देणाऱ्या गृहस्थांना ते रुचणार नव्हते. त्यांनी धमकी दिली नाही. अंक कधी निघतोय, एवढेच हसत विचारले. आमच्या दाराशी ना शिपाई उभा होता, ना मोटार. जागेअभावी पत्र घेता आले नाही, असे आम्ही त्या वाचकाला कळवले. प्रत्यक्षात त्या अंकात अर्धे पान रिकामे राहिले होते. तेथे आम्ही वेलबुट्टीचे एक चित्र छापले.