पापाचे वाटेकरी

वाल्या कोळ्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. ‘माझ्या पापात वाटा घेता काय?’ असे त्याने घरी विचारले आणि बायकोमुलांनी साफ नाही म्हटले. म्हणजे पाप ज्याचे त्याला. मग एकाने गोळी झाडली असता न्यायालय सोबत्यांनाही खुनी कसे धरते? वाचकहो, याचा उलगडा करू.

कलकत्त्यास ३ ऑगस्ट १९२३ रोजी शंकरीटोला टपालकचेरीत पोस्टमास्तर पैसे मोजीत बसले होते. काही जण दाराशी आले, पैसे मागितले, गोळ्या झाडल्या. पोस्टमास्तर ठार झाले. पाठलागात बारेंद्रकुमार घोष पिस्तुलासह सापडला. तो म्हणे, ‘मी आपला बाहेर अंगणात उभा होतो.’ १९२४ साली प्रिव्ही कौन्सिलने ते मानले नाही. सर्वांचा इरादा एक असेल, तर त्यापायी एकाने केलेले काम प्रत्येकाने एकट्याने केल्यासारखेच, असे दंडविधानाचे कलम ३४ होते. १ जुलै २०२४ पासून तोच नियम भारतीय न्याय संहितेच्या कलम ३ (५) मध्ये आहे.

पण नुसता जवळ असला म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. १९४५ साली महबूब शाहच्या खटल्यात त्याच कौन्सिलने बजावले की, इरादा सारखा असणे निराळे आणि एक असणे निराळे. आधी मने जुळल्याचा पुरावा नव्हता. त्याची खुनाची शिक्षा रद्द झाली.

आता वाल्याकडे वळू. घरच्यांनी हो म्हटले असते, तर त्याचे पाप रतीभर तरी घटले असते काय? मुळीच नाही. लूट वाटली की कमी होते. पाप तसे नव्हे. शेजारणीने आपल्या चुलीतला विस्तव नेला, म्हणून आपली चूल विझत नाही. तिचीही पेटते, एवढेच. मनुस्मृतीत पशुहत्येला अनुमती देणाऱ्यापासून मांस वाढणाऱ्या-खाणाऱ्यापर्यंत आठ जण घातक म्हटले आहेत. त्यांत अर्धा घातक कोणीच नाही. कायदा इतका दूर जात नाही, तो मनाचा मेळ पाहतो. पण वाटणी तोही करीत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. ‘तू काही करू नकोस, नुसता सोबत ये’ असे कोणी म्हणाले, की खरा निवाडा तिथेच होतो. कशासाठी जायचे हे कळले असेल, तर पाऊल त्याच घडीला मागे घ्यावे. पुढे ‘मी फक्त उभा होतो’ म्हणून सुटका नाही. न्यायासनापुढे नाही आणि स्वतःच्या मनापुढे तर नाहीच नाही.