काळ्या मोटारीची झळाळी

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते. त्याआधी खंडेनवमीला घरोघरच्या गाड्या धुऊन पुसून पूजेला लागतात. त्यांत काळी मोटार चमकवणे सर्वांत कठीण. पांढऱ्यावर ओरखडा लपतो. काळा रंग काही लपवू देत नाही.

सज्जनहो, ही झळाळी बाहेरून लावायची, की आतलीच उघडायची? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात संस्काराच्या दोन वाटा सांगितल्या आहेत: गुणाधान, म्हणजे नवा गुण घालणे, आणि दोषापनयन, म्हणजे असलेला दोष काढणे. मेण लावणे हे गुणाधान. त्याने बारीक ओरखडे बुजल्यासारखे दिसतात; चार पाऊस झाले, की पुन्हा जसेच्या तसे! पॉलिशने हलके घासणे हे दोषापनयन. पृष्ठ सपाट झाले, की प्रकाश विखुरत नाही, आरशासारखा परततो. तीच खरी झळाळी.

मग घासतच राहावे का? नाही हो! आजच्या गाड्यांचा वरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉन, केसाहूनही बारीक. हट्टाने घासाल तर रंगच उघडा पडेल. म्हणून जाणता माणूस आधी भरपूर पाण्याने धूळ काढतो. कोरड्या फडक्याने पुसले, तर नवेच ओरखडे उठतात. आणि फार खोल ओरखडा तो तसाच राहू देतो.

लेकराला, सुनेला, स्वतःलाही सुधारायला बसतो, तेव्हा हे ध्यानी धरावे. दोष काढावा, माणूस झिजवू नये. आधी ओलावा, मग घासणे. आणि थांबायचे कुठे हे ज्याला कळले, त्यानेच फडके हाती घ्यावे.