तक्रारपेटीची किल्ली

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, सूचनाफलकाशेजारी, एक लहानशी लाकडी पेटी टांगलेली आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगाने ‘तक्रारपेटी’ असे मराठीत आणि त्याखाली कन्नडमध्ये लिहिलेले आहे. वरून आदेश आला म्हणून ती बसवली. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असे. दर महिन्याच्या एक तारखेला शिपाई ती उघडायचा, रिकामी आहे हे मला दाखवायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा. दोन वर्षांत तिच्यातून निघाले काय, तर गोळ्या-चॉकलेटांचे कागद आणि एकदा एक पाल. वार्षिक अहवालात मात्र मी मोठ्या समाधानाने लिहीत असे, ‘यंदा शाळेविरुद्ध एकही तक्रार आलेली नाही.’

मग एका जून महिन्यात एक गृहस्थ मुलीचा दाखला काढायला आले. मुलगी आठवी उत्तीर्ण झालेली, गणितात चांगली. गाव सोडताय का, म्हणून विचारले, तर नाही म्हणाले. मग शाळा का बदलता? ‘तिकडं जरा बरं पडतंय, सर,’ एवढेच उत्तर. बरोबर मुलीची आजी होती. तिला राहवले नाही. ती म्हणाली, ‘मास्तर, पोरींच्या संडासाला कडी न्हाई. वरीस झालं. पोरगी सकाळधरनं पानी पीत न्हवती.’

मी चकित झालो आणि थोडा चिडलोही. म्हटले, ‘अहो, मग मला सांगायचं नाही का? बाहेर पेटी कशाला टांगलीय?’

त्यावर ते गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाले, ‘सर, पेटीची किल्ली तुमच्यापाशी. आणि पोरगीबी तुमच्यापाशी. सांगायचं कसं?’

वाचकहो, त्या क्षणी माझ्या मनात आधी काय आले ते प्रामाणिकपणे सांगतो. ती मुलगी आली नाही. आधी आले ते असे : दुरुस्तीचा प्रस्ताव मी पाठवलेला आहे, मंजुरी आलेली नाही, यात माझा दोष नाही. दुसरे असे : ही गोष्ट गावात कोणाकोणाला ठाऊक झाली असेल? आणि तिसरे : या लोकांना सांगायला काय झाले होते? एका मिनिटात मी स्वतःच्या बचावाचे तीन मुद्दे तयार केले. चाळीस रुपयांच्या कडीचा विचार चौथा आला. आमची शाळा अनुदानित; पगार सरकारी तिजोरीतून येतो. तेव्हा सरकारी नोकर तक्रारीकडे कसे पाहतो, हे मला दुसऱ्या कोणाकडे विचारायला जावे लागले नाही.

‘तक्रार’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ पुनरावृत्ती, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे. कन्नडमध्येही ‘तकरारु’ आहे, तो हरकत किंवा तंटा या अर्थाने. गाऱ्हाण्यासाठी तिथे ‘दूरु’ हा वेगळा शब्द आहे. आपण दोन भाषांत वावरणारी माणसे. शब्दांची ही ये-जा आपल्याला नवी नाही. पण मूळ अर्थ कळला तेव्हा मला वाटले, कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसाला तो शब्दकोश न उघडताच ठाऊक असतो. एकदा सांगितले ते निवेदन, दुसऱ्यांदा सांगितले ती आठवण आणि तिसऱ्यांदा सांगितले की ती तक्रार. ऐकणारा मात्र फक्त तिसरी वेळ लक्षात ठेवतो आणि म्हणतो, ‘हा मनुष्य तक्रारखोर आहे.’

आता दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी वडिलांच्या जमिनीच्या उताऱ्यावर त्यांचे नाव चुकीचे पडले होते. ते दुरुस्त करून घेण्यासाठी मी एका कचेरीत सहा फेऱ्या मारल्या. सहाव्या फेरीला माझा आवाज चढला. समोरचा कारकून तरुण होता. त्याने शांतपणे खुर्ची पुढे केली आणि कन्नडमध्ये जे सांगितले त्याचा मथितार्थ असा : ‘सर, तुमच्या वडिलांचं नाव मी चुकवलेलं नाही. मी नोकरीला लागण्याआधीची ती चूक आहे. दुरुस्तीवर सही करण्याचा अधिकारही माझा नाही. चूक करणारा निवृत्त झाला, सही करणारा आतल्या खोलीत बसतो आणि खिडकीत मी बसतो. म्हणून सगळे माझ्यावर ओरडतात. तुमच्या वर्गात पोरगं नापास झालं तर पालक कोणावर ओरडतो?’

मला उत्तर देता आले नाही. अमेरिकन अभ्यासक मायकेल लिप्स्की यांनी १९८० साली याच खिडकीतल्या माणसांवर एक पुस्तक लिहिले. शिक्षक, पोलीस, मदत-कचेरीतले कर्मचारी यांच्यावर. त्यांचा निष्कर्ष साधा आहे. या माणसांपुढे गरजवंतांची रांग नेहमी मोठी आणि साधने नेहमी अपुरी असतात. त्यातून तगून राहण्यासाठी ते काही सवयी लावून घेतात आणि लोकांच्या दृष्टीने त्या सवयी म्हणजेच सरकारचे धोरण ठरते. धोरण राजधानीत लिहिले जाते खरे, पण माणसाला ते भेटते खिडकीत.

शिवाय सगळ्याच तक्रारी काही न्यायाच्या नसतात. भाऊबंदकीचा वचपा काढण्यासाठी तलाठ्यावर अर्ज करणारे आहेत. बदली व्हावी म्हणून शिक्षिकेविरुद्ध निनावी पत्रे टाकणारे आहेत. केंद्रीय दक्षता आयोगाला १९९९ साली निनावी अर्जांवर कारवाई करू नये असा आदेश काढावा लागला, तो उगाच नव्हे. एका खोट्या अर्जाने वर्षभर चौकशीत पिळून निघालेला प्रामाणिक नोकर पुढच्या शंभर खऱ्या अर्जांकडे संशयाने पाहू लागतो. तो संशय समजण्यासारखा आहे. पण समजण्यासारखा आहे म्हणून तो योग्य ठरतो का, हा खरा प्रश्न.

मला वाटते, गोंधळ येथे आहे. तक्रारीत दोन गोष्टी एकत्र येतात. ‘मला त्रास होतो आहे’ हे कथन आणि ‘तो तुमच्यामुळे होतो आहे’ हा आरोप. सांगणाऱ्याच्या मनात पहिली गोष्ट मोठी असते, ऐकणाऱ्याच्या कानावर दुसरीच आधी पडते. आरोप खोडला की कथनही खोडले गेले, असे तो धरून चालतो. त्या कारकुनाचा दोष नव्हता हे खरे. पण वडिलांचे नाव चुकलेले होते हेही तितकेच खरे. कडीचा प्रस्ताव मी पाठवला होता. तरी ती मुलगी दिवसभर तहानलेली राहत होती. माझ्या निर्दोषपणाने तिची तहान भागणार नव्हती.

आपल्या इतिहासात याचे एक उत्तम उदाहरण आहे. शिवछत्रपतींनी १६७० च्या दशकात चिपळूण भागातल्या आपल्या लष्करी अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण जपून वापरा, ती संपली की तुमची माणसे रयतेच्या घरातले धान्य, लाकूडफाटा, भाजीपाला उचलू लागतील आणि मग रयतेला वाटेल की मोगलांपेक्षाही तुम्हीच जास्त जाचक, असा त्यातला आशय आहे. या पत्रात कोणा कुणब्याची तक्रार आलेली नाही. ती अजून झालेलीच नाही. राजा ती आधीच, कुणब्याच्या जागी उभा राहून, ऐकतो आहे. पुढे इंग्रजी अंमलात सरकार ‘मायबाप’ झाले आणि गाऱ्हाणे ही याचना झाली. जोतीराव फुल्यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये अडाणी शेतकऱ्याला कामगार लोक कसे नाडतात ते लिहून ठेवले आहे. त्या शेतकऱ्याच्या नावाने बोलणारे कोणीतरी होते, एवढेच त्याचे भाग्य.

१९५० साली राज्यघटना आली आणि याचनेचा हक्क झाला. आपल्या सीमाभागातल्या माणसांनी त्यातले ३५० वे कलम पाठ करून ठेवावे असे आहे. कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असे ते सांगते. भाषेचा हक्क घटनाकारांनी गाऱ्हाण्यापर्यंत नेला, कारण दुःख परक्या भाषेत धड सांगता येत नाही हे त्यांना ठाऊक होते. उत्तर कोणत्या भाषेत यावे याबद्दल मात्र हे कलम काही बोलत नाही. बोलण्याचा हक्क कायद्याने दिला, ऐकण्याची इच्छा कायद्याला देता येत नाही. आणि हे केवळ मराठी-कन्नडचे भांडण समजू नये. निव्वळ मराठी मुलखातल्या कचेरीतही ‘सदर प्रकरणी उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असे उत्तर मिळालेल्या म्हातारीला ते परक्याच भाषेतले वाटते. उलट माझ्याशी कन्नडमध्ये बोललेला तो कारकून मला नीट समजला, कारण तो माझ्याशी बोलला.

अलीकडे कायदे पुष्कळ झाले. २००५ साली माहितीचा अधिकार आला. ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याची हमी देणारा कायदा देशात प्रथम मध्य प्रदेशाने २०१० साली केला. कर्नाटकाने २०११ साली केला आणि पुढल्या वर्षी ‘सकाल’ या नावाने अमलात आणला. महाराष्ट्राने २०१५ साली केला. सकाल म्हणजे योग्य वेळी. त्यात उशिराबद्दल अर्जदाराला दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, मिळण्याची आणि ते संबंधित कर्मचाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद केली गेली. रक्कम किरकोळ आहे. पण सामान्य माणसाच्या दिवसाला काही किंमत आहे, हे सरकारने कागदावर मान्य केले. मला या कायद्याचे मोल त्यातच वाटते.

तरीही कायदा मुदत घालू शकतो, नजर बदलू शकत नाही. कचेरीबाहेरच्या पाटीवर ‘तक्रार निवारण’ असते, आतल्या वहीत ‘तक्रार निकाली’. या दोन शब्दांत केवढे अंतर! निवारण दुःखाचे होते, निकाली निघतो तो कागद. वही स्वच्छ राहावी म्हणून कागद निकाली काढता येतो. आणि मी करीत होतो त्याप्रमाणे, पेटी रिकामी ठेवूनही वही स्वच्छ राखता येते.

रिकाम्या पेटीचा अर्थ काय असतो, हे अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली सांगून ठेवले आहे. नायजेरियातली रेल्वे वाईट चालत होती, तिच्याशी मालमोटारींची स्पर्धा होती, तरी रेल्वे सुधारत नव्हती. स्पर्धेने सुधारणा व्हायला हवी होती. ती का होईना? त्यांचे उत्तर असे की, ज्यांनी सर्वांत जोराने ओरड केली असती तेच ग्राहक मुकाट्याने मालमोटारीकडे वळले. मागे राहिले ते ज्यांना ओरडता येत नव्हते किंवा ज्यांचे कोणी ऐकणार नव्हते. हे वाचताना मला आफ्रिका दिसेना, माझी हजेरीपत्रके दिसू लागली. आपल्या मराठी शाळांतून कोण गेले? ज्यांना जाब विचारता आला असता ते. सरकारी दवाखान्यातून, बसगाडीतून, रेशन दुकानातून कोण गेले? तेच. आणि आपण मागे राहिलेल्यांच्या मौनाला समाधान समजत बसलो.

म्हणून आता माझे मत असे झाले आहे की तक्रार हा विश्वासाचा शेवटचा धागा आहे. तुम्ही सुधाराल असे ज्याला अजून वाटते तोच तुमच्याशी भांडायला येतो. बाकीचे दाखला मागतात. तेव्हा नोकराने तक्रारदाराकडे शत्रू म्हणून पाहणे हा केवळ उर्मटपणा होत नाही. आपल्या आशेवर अजून टिकून असलेल्या माणसाला हाकलून देण्यासारखे ते आहे. नागरिकावरही दोन बंधने येतात. एक, खोटे लिहू नये; कारण खोटा अर्ज पुढच्या खऱ्या अर्जाचा घात करतो. दुसरे, आपल्याला सोडून जाणे परवडते म्हणून मुकाट्याने निघून जाऊ नये. जाताना तरी, ज्याला जाता येत नाही त्याच्या वतीने, एक वाक्य बोलून जावे. त्या आजीने ते केले.

कडी त्याच दिवशी संध्याकाळी बसवली. ती मुलगी परत आली नाही. येण्याचे कारणही नव्हते. पेटीची किल्ली आता माझ्याकडे नाही. दोन पालक, त्यांत एक आई, महिन्यातून एकदा येऊन ती उघडतात आणि चिठ्ठ्या वाचून दाखवतात. नाव घालण्याची सक्ती नाही. निनावी अर्जांविषयी मी वर जे लिहिले ते मला ठाऊक आहे, पण चौदा वर्षांच्या मुलीला नाव घालायला सांगणे मला जमले नाही. शिक्षा कोणाला निनावी चिठ्ठीवरून होत नाही. कडी मात्र निनावी चिठ्ठीवरूनही बसवता येते.

पहिल्या महिन्यात तीन चिठ्ठ्या निघाल्या. दोन पाण्याच्या टाकीविषयी होत्या. तिसरी वाचताना ती आई थोडी अडखळली. तीत लिहिले होते : ‘हेडसर आईबाबांना उभं ठेवून बोलतात.’

मी पुन्हा चिडलो. अक्षर कोणाचे असावे, याचा रात्रभर अंदाज बांधत बसलो. सकाळी शिपायाला सांगून टेबलासमोर दोन खुर्च्या ठेवल्या. अक्षर कोणाचे ते अजून कळलेले नाही. खुर्च्या आहेत.